जुन्या कनूला हात लावण्याआधी

उत्तर अमेरिकेत तळ्याकाठचे जुने घर विकत घेतले की त्याच्यासोबत कधीकधी एक कनू, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद नाव, तीही येते. शेडच्या तुळयांना उलटी टांगलेली, नाहीतर घरामागे दोन लाकडी घोड्यांवर पालथी घातलेली. कॅनव्हास फाटलेला, हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, आत उंदरांचा संसार. मेन, न्यू हॅम्पशायर, ऑन्टारियो अशा भागांत राहणाऱ्या आणि लाकूडकामाची हौस असलेल्या मराठी माणसाला असा नग दिसला की त्याचे हात शिवशिवतात. एक सँडर, व्हार्निशचे दोन डबे, चार शनिवार-रविवार आणि पुढच्या उन्हाळ्यात नाव पाण्यात, असा बेत लगेच ठरतो. हा लेख त्या बेतात खोडा घालण्यासाठी लिहिला आहे.

कारण सरळ आहे. ही कनू कोणी, कुठे, कधी बांधली याचा पुरावा नेमका त्या थरांत असतो, जे आपण सर्वांत आधी खरवडून टाकतो. लाकडात ठोकलेला आकडा मिलिमीटरभरही खोल नसतो. टोकांवर लाकडाचा जो छोटा त्रिकोणी डेक असतो, त्यावरचे कारखान्याचे चित्र कागदापेक्षा पातळ असते. हरवलेल्या पितळी पट्टीची खूण म्हणून उरतात ती चार बारीक भोके, आणि ती आपण पुटी भरून बुजवतो. सँडरला हे सगळे पुसायला अर्धा तास पुरतो. नंतर कितीही पैसे मोजले तरी ती माहिती परत मिळत नाही.

आधी घराणी माहीत करून घ्या. गेरिश नावाच्या कारागिराने मेन राज्यात बँगोरला १८७० च्या दशकात कॅनव्हास चढवलेल्या लाकडी कनू विकायला सुरुवात केली. आकार तिथल्या पेनॉब्स्कॉट लोकांच्या भूर्जसालीच्या कनूचा, बरगड्याही तशाच सीडरच्या, फक्त सालीऐवजी वर कॅनव्हास. पुढे पेनॉब्स्कॉट नदीकाठी हा धंदा फोफावला. व्हीझी गावात मॉरिस, ओल्ड टाउनमध्ये व्हाइट, कार्लटन आणि १८९८ पासून पुढे सर्वांत मोठी झालेली ओल्ड टाउन कंपनी. पलीकडच्या इंडियन आयलंडवरचे पेनॉब्स्कॉट कारागीर यांतल्या कारखान्यांत काम करत. कॅनडात फ्रेडरिक्टनच्या चेस्टनट बंधूंनी मेनमधली रीत उचलली आणि १९०५ मध्ये तिचे कॅनडातले पेटंटही पदरात पाडून घेतले. दुसऱ्याच्या कलेवर पेटंट घेण्याचा हा उद्योग मला आजही धाडसाचा वाटतो. पण त्यांच्या कनू उत्तम होत्या, हेही खरे.

दुसरे घराणे ऑन्टारियोतल्या पीटरबरोचे. तिथे जॉन स्टीफन्सन, लेकफील्डचे थॉमस गॉर्डन अशा मंडळींनी १८५० च्या दशकापासून कॅनव्हास न लावता केवळ लाकडाच्या कनू बांधल्या. रुंद फळ्या, त्यांच्या सांध्यांवर आतून पातळ पट्ट्या, सगळे इतके घट्ट की पाणी आत येऊ नये. न्यूयॉर्क राज्यातल्या कँटनचा जे. हेन्री रश्टन हाही लाकडी बांधणीतला मोठा उस्ताद. त्याने १८८३ मध्ये बांधलेली ‘सेरी गॅम्प’ नऊ फुटांची आणि वजनाला जेमतेम पावणेपाच किलो होती. बाजाराची मागणी पाहून पुढे त्यानेही ‘इंडियन गर्ल’ नावाची कॅनव्हासची कनू काढली.

कॅनव्हासच्या कनूची बांधणी थोडी समजून घेतली तर पुढचा शोध सोपा जातो. उलट्या नावेच्या आकाराचा एक भरीव लाकडी साचा असतो. ज्या जागी बरगडी येणार तिथे त्यावर लोखंडी पट्टी असते. वाफवलेली सीडरची बरगडी त्या पट्टीवरून वाकवायची, तिच्यावर सुमारे चार मिलिमीटर जाडीच्या फळ्या बसवायच्या आणि पितळी चुका ठोकायच्या. चुकेचे टोक लोखंडावर आपटून मागे वळते आणि बरगडीत रुतते. मग साच्यावरून नाव उतरवून काठ, डेक, बैठका बसतात. कॅनव्हास ताणून चढतो. त्याच्या विणीत लुकणासारखे मिश्रण घासून भरतात आणि वर रंग. मुद्दा असा की साचा वर्षानुवर्षे तोच राहत असे. त्यामुळे बरगड्यांची रुंदी, त्यांतले अंतर, टोकांचा उठाव या गोष्टी कारखान्याच्या सहीसारख्या असतात. चित्र निघून जाईल, पट्टी चोरीला जाईल, पण साच्याचा ठसा जात नाही.

आता प्रत्यक्ष काम. सर्वप्रथम फोटो. कनू जशी सापडली तशी, धूळ न पुसता. पूर्ण लांबी एका बाजूने, दोन्ही टोके, दोन्ही डेक वरून आणि खालून, बैठका, आडव्या दांड्या, काठाचा जवळून घेतलेला तुकडा, तळाचा आतला भाग. मग मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने आतला कचरा काढा. दोन्ही टोकांना डेकखाली जी पोकळी असते तिथे हात घालून, आरसा धरून नीट पाहा. सुटलेली पट्टी, तुटलेल्या डेकचा तुकडा, एखादा जुना स्क्रू तिथेच घरंगळून पडलेला असतो. तो कचरा समजून फेकू नका. पिशवीत घालून चिठ्ठी लावा.

मग आकडा शोधायचा. टोकाला जे वाकवलेले लाकूड नावेचे नाक घडवते, त्याला स्टेम म्हणतात. त्याचे आतले टोक तळावर सपाट होऊन संपते. ओल्ड टाउनच्या कनूत आकडा तिथेच ठोकलेला असतो, पुढे आणि मागे दोन्हीकडे. साधारण पाच-सहा आकडी संख्या, थोडी जागा सोडून आणखी दोन आकडे. ते शेवटचे दोन म्हणजे फुटांतली लांबी, १६, १७, १८ असे. व्हार्निशचे थर चढून खळगे भरलेले असतात, म्हणून समोरून काही दिसत नाही. टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका आणि वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा. पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली तरी आकडा उमटतो. एवढ्यानेही दिसला नाही तर तेवढ्याच जागेवर रंग काढायचे द्रावण थेंबभर लावून जुन्या टूथब्रशने हलकेच घासा. इथे पॉलिश पेपर अजिबात चालणार नाही. ३, ५, ६ आणि ८ यांच्यात फसगत होते, म्हणून दोन्ही टोकांचे आकडे ताडून पाहा. एका टोकाचे स्टेम कुजून बदलले गेले असेल तर दुसरे टोक हाच आधार.

आकडा मिळाला आणि कनू ओल्ड टाउनची निघाली तर नशीब काढले म्हणायचे. या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जवळजवळ प्रत्येक नगाचे एक कार्ड ठेवले होते आणि त्यांतली बहुतेक टिकली आहेत. अशा दोन लाखांहून अधिक नोंदींच्या संगणकीय प्रती झाल्या आहेत. वुडन कनू हेरिटेज असोसिएशन या १९७९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतले जाणकार आकडा कळवला की कार्ड शोधून देतात. कार्डावर मॉडेल, लांबी, प्रत, फळ्यांचे लाकूड, काठ उघडा की बंद (हा फरक पुढे येतो), डेक आणि बैठका कशाच्या, कील म्हणजे तळाची मधली लांब पट्टी आहे की नाही, रंग कोणता, हे सगळे थोडक्यात लिहिलेले असते. ‘एए’ प्रत म्हणजे महॉगनीची सजावट, ‘सीएस’ म्हणजे साधी, कामाची. कॅनव्हास कधी चढला, काठ कधी बसले, माल कधी आणि कोणत्या गावी गेला, याच्या तारखाही असतात. कॅनव्हास एका वर्षी चढलेला आणि विक्री पुढच्या वर्षी, असेही दिसेल. त्यात गोंधळण्यासारखे काही नाही. नगाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो गोदामात थांबे. नाव पुढे दुरुस्तीला कारखान्यात परत आली असेल तर तीही नोंद त्याच कार्डावर सापडते.

मात्र कार्ड हाती आल्यावर लगेच पेढे वाटू नका. कार्डावरचे वर्णन आणि समोरची नाव जुळते का, हे ओळीओळीने तपासा. कार्ड म्हणते सतरा फूट, तुमची टेप म्हणते सोळा. कार्डात महॉगनी, समोर स्प्रूस. मग आकडा चुकीचा वाचला, किंवा नाव भलत्याच कंपनीची आहे. याचे एक ठोस कारण आहे. ओल्ड टाउनने १९१० मध्ये कार्लटन कंपनी विकत घेतली आणि कार्लटनच्या नावाने वेगळी आकडेमाला चालू ठेवली. वॉटरव्हिलच्या केनेबेक कंपनीचीही स्वतःची आकडेमाला होती आणि तिच्याही बऱ्याच नोंदी उपलब्ध आहेत. एकच संख्या दोन-तीन घराण्यांत असू शकते. ती कुणाची हे ठरवते समोरचे लाकूड.

मॉरिसच्या कनूत स्टेमवर शोधून उपयोग नाही. तिचा आकडा एका लहानशा पितळी पट्टीवर असतो आणि ती पट्टी पुढच्या टोकाला डेकजवळ आतल्या काठावर खिळलेली असते. मॉरिसचा कारखाना १९१९-२० च्या हिवाळ्यात जळाला आणि कागदपत्रेही त्यात गेली. तरी अभ्यासकांनी आजवर सापडलेल्या मॉरिस कनूंचे आकडे, जुने कॅटलॉग आणि बांधणीतले बदल एकत्र मांडून अंदाजे वर्ष काढण्याची सोय केली आहे. या बाबतीत कॅथरिन क्लोस यांचे काम पाहण्यासारखे आहे. म्हणजे तुमच्या नावेवरचा आकडा या अभ्यासकांना कळवलात तर तुम्हाला उत्तर मिळते आणि त्यांच्या यादीत एक भर पडते.

कॅनडाच्या कनूवर आकडा दिसला की अनेकजण तो क्रमांक समजून हुरळतात. पीटरबरो आणि चेस्टनटच्या नगांवरचा आकडा बहुधा मॉडेलचा असतो. एकाच आकड्याच्या शेकडो नावा निघालेल्या असतात आणि नगवार नोंदी हाती लागत नाहीत. तिथे कॅटलॉग उघडून मॉडेल आणि साधारण दशक एवढ्यावर समाधान मानावे लागते. त्यातही एक गोम आहे. १९२० च्या दशकात पीटरबरो, चेस्टनट आणि कॅनेडियन या तीन कंपन्या एकाच मालकीच्या छत्राखाली आल्या. त्यामुळे डेकवर पीटरबरोचे चित्र असलेली कॅनव्हासची कनू फ्रेडरिक्टनच्या कारखान्यात बांधलेली असू शकते. पीटरबरो कंपनी १९६१ मध्ये मिटली, चेस्टनट १९७० च्या दशकाच्या अखेरीस.

आणि मागच्या टोकाला बाहेरून बारा अक्षरांचा लांबलचक संकेतांक दिसला तर ‘पणजोबांच्या काळातली’ ही आख्यायिका तिथेच सोडून द्या. अमेरिकेत नावेवर असा संकेतांक घालणे १ नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीचे झाले. तो ‘एक्सटीसी’ने सुरू होत असेल तर नाव ओल्ड टाउनची.

आकडा नाहीच, असे बऱ्याचदा होते. तेव्हा नावेचे अंग वाचायचे. टेप, कॅलिपर आणि वही घ्या. लांबी टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषेत, मधली रुंदी काठाच्या आतून आणि बाहेरून, मधली खोली, दोन्ही टोकांची उंची, बरगडीची रुंदी, जाडी आणि दोन बरगड्यांमधले अंतर, एकूण बरगड्या किती. बरगडी वरच्या बाजूला निमुळती होते का, तिच्या कडा कोन मारून उतरवल्या आहेत की गोल केल्या आहेत, हेही लिहा. तीन-चार ठिकाणी मापे घ्या, कारण शंभर वर्षांत लाकूड वेडेवाकडे होते आणि नाव मधोमध फाकते.

यानंतर सर्वांत बोलकी जागा म्हणजे स्टेम. मॉरिसमध्ये स्टेमचे आतले टोक तळावर पंख्यासारखे रुंद होत जाते. ओल्ड टाउनमध्ये ते अरुंद राहते. एवढ्या एका फरकावर जाणकार पाच फुटांवरून मॉरिस ओळखतात. डेकचा आकार पाहा. आतल्या बाजूची कड सरळ आहे, अंतर्वक्र आहे, की बदामासारखी कापली आहे? डेकखाली आधाराची पट्टी आहे का? बैठका टांगणारे बोल्ट पाहा. चौकटीच्या पत्त्यासारख्या डोक्याचे बोल्ट ओल्ड टाउन आणि तिच्या कार्लटनमध्ये आढळतात. बैठक वेताने विणलेली की कच्च्या चामड्याच्या वादीने? वादी असेल तर कॅनडाकडे बघा. बरगड्या रुंद, पातळ, दूरदूर बसवलेल्या आणि चुका लोखंडी असतील तर क्वेबेक शहराजवळच्या वेंडाके या ह्युरॉन वस्तीतल्या कारागिरांचा विचार करा. तिथून निघालेल्या अनेक नावांवर कोणाचेच नाव नसे आणि त्या दुकानांमार्फत दूरवर जात.

काठ काळ सांगतो. जुन्या पद्धतीत बरगड्यांची टोके वरून एका टोपीसारख्या पट्टीने झाकलेली असत; त्याला बंद काठ म्हणू. नंतर आतली आणि बाहेरची अशा दोन पट्ट्यांमध्ये बरगडीचे टोक उघडे ठेवू लागले, त्यामुळे नाव उलटी केली की फटींतून पाणी आणि वाळू निघून जाते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही उघडी पद्धत रुळली, पण बंद काठ मागणारे गिऱ्हाईक त्यानंतरही होते. म्हणून एकट्या काठावरून वर्ष ठरवू नका.

स्क्रू अधिक प्रामाणिक साक्षीदार. फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आले. ते कारखान्यातूनच बसवलेले असतील तर नाव त्याआधीची असू शकत नाही. पण ‘कारखान्यातूनच’ हे सिद्ध करावे लागते. एक स्क्रू सावकाश काढा. भोक एकदाच पडलेले आहे की शेजारी जुने बुजवलेले भोक आहे? डोक्याभोवतीचा व्हार्निश फुटलेला आहे का? शंभर वर्षांत तीन मालकांनी तीन वेळा दुरुस्ती केलेली असते आणि दुसऱ्या दुरुस्तीच्या खुणेवरून जन्मसाल ठरवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

रिकाम्या भोकांकडे तर विशेष लक्ष द्या. पुढच्या बैठकीत गोल छिद्र आणि खाली तळावर खाच असेल तर नावेला एकेकाळी डोलकाठी आणि शीड होते. काठाखाली बाजूने ओळीने भोके असतील तर तिथे हवेच्या लांबट पेट्या बसवलेल्या असाव्यात; नाव उलटू नये म्हणून ओल्ड टाउन त्या जादा पैसे घेऊन देई. डेक हातभर लांब आणि नक्षीदार असेल, बैठका एकमेकींसमोर असतील, तर बॉस्टनजवळच्या चार्ल्स नदीचे नाव घ्यायला हरकत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे तरुण जोडप्यांनी कनूतून फिरण्याची लाट होती आणि त्यासाठीच खास नावा निघत. पोलिसांनी नदीवरच्या चुंबनांवर करडी नजर ठेवल्याच्या बातम्याही त्या काळच्या आहेत. रॉबर्टसन, अर्नोल्ड, ब्रॉडबेक, क्रँडेल ही त्या बाजूच्या बांधणाऱ्यांची नावे.

डेकवरचे चित्र किंवा पट्टी मी मुद्दाम उशिरा घेतो आहे. ती सर्वांत आधी दिसते आणि सर्वांत जास्त फसवते. ओल्ड टाउनच्या चित्राच्या हुबेहूब नकला आज विकत मिळतात. पट्टीवरचे नाव दुकानाचे असू शकते. न्यूयॉर्कचे ॲबरक्रॉम्बी अँड फिच हे शिकारी-भटक्यांचे दुकान कनू विकत असे, बांधत नसे. पट्टी नसेल आणि नुसती भोके असतील तर त्यांतले अंतर मोजून ठेवा; माहीत असलेल्या पट्ट्यांशी ते जुळवता येते. चित्र पुसट असेल तर त्यावर काहीही न लावता फक्त तिरप्या उजेडात फोटो घ्या. गेलेल्या चित्राची सावली कधीकधी व्हार्निशच्या रंगफरकात उरलेली असते.

कागदोपत्री शोधात कॅटलॉगला तोड नाही. जुन्या कनू कंपन्यांचे कॅटलॉग आता पुनर्मुद्रित आणि संगणकीय रूपात मिळतात. त्यांतली मापे, चित्रे आणि वर्षागणिक बदलणारी मॉडेलची नावे तुमच्या वहीशी ताडा. ओल्ड टाउनवर सू ऑडेट, रश्टनवर ॲटवुड मॅनली, चेस्टनटवर रॉजर मॅकग्रेगर यांची पुस्तके आहेत. बांधणी आणि दुरुस्तीसाठी जेरी स्टेलमॉक आणि रॉलिन थर्लो यांचे १९८७ चे पुस्तक अजूनही हाताशी ठेवावे असे. पीटरबरोचे कॅनेडियन कनू म्युझियम २०२४ मध्ये तळ्याकाठच्या नव्या इमारतीत आले. तिथे सहाशेहून अधिक नावा आहेत. रश्टन पाहायचा तर न्यूयॉर्कच्या ब्लू माउंटन लेकवरचे ॲडिरॉन्डॅक एक्स्पीरियन्स गाठा. खरी नाव शेजारून पाहिली की जे दहा फोटोंत कळत नाही ते लगेच कळते.

बांधणारा छोटा, गावातला असेल तर मात्र म्युझियममध्ये उत्तर मिळेलच असे नाही. त्या गावाच्या ग्रंथालयात जा. अमेरिकेत जुन्या शहर-निर्देशिका असतात, त्यांत प्रत्येकाचा धंदा लिहिलेला असतो. आगविमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबॉर्न नकाशे असतात, त्यांत नावांचा कारखाना कोणत्या गल्लीत होता हे दिसते. स्थानिक वृत्तपत्रांत जाहिराती असतात. तिथले ग्रंथपाल आपल्याकडच्या जुन्या नगर वाचनालयातल्या ग्रंथपालांइतकेच उत्साही असतात. नेमका प्रश्न विचारला की स्वतःच शोधायला बसतात.

विकणाऱ्याला प्रश्न विचारायचीही एक पद्धत आहे. ‘किती जुनी?’ असे विचारले की शंभर वर्षे हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी विचारा: तुमच्याकडे कुठून आली? त्याआधी कोणत्या तळ्यावर होती? रंग कोणता होता, कधी बदलला? कॅनव्हास कोणी चढवला? हिच्यात बसलेल्या कोणाचा फोटो आहे का? जुन्या अल्बममधला एक धूसर फोटो डेकचा आकार आणि काठ दाखवून जातो. उन्हाळी शिबिरांच्या कनूवर शिबिराचे नाव किंवा क्रमांक रंगवलेला असे. रंगाच्या थरांखाली तो सापडू शकतो. म्हणून खरवडताना एका कोपऱ्यात नखाएवढी पायरी करून थर मोजा. सर्वांत खालचा रंग कोणता, तो लिहून ठेवा. एक इशारा: जुन्या रंगांत आणि कॅनव्हासच्या भरावात शिसे असते. कोरडे घासू नका, चांगला मास्क लावा आणि लहान मुलांना त्या शेडपासून लांब ठेवा.

जाणकारांना फोटो पाठवून विचारायचे तर ‘ही कोणाची?’ एवढाच प्रश्न आणि अंगणातला एक लांबून काढलेला फोटो पाठवू नका. वर सांगितलेली मापे, स्टेमचे आतले टोक, डेक वरून-खालून, काठाचा छेद आणि स्क्रू यांचे जवळचे फोटो द्या. माझा अनुभव असा की हे दिले की उत्तर फार लवकर येते, आणि नाही दिले तर पहिले उत्तर म्हणून हीच यादी येते.

मूळ कळले की दुरुस्तीचे निर्णय बदलतात, आणि म्हणूनच हा सगळा खटाटोप. साधी, कामाची प्रत असेल तर नवा कॅनव्हास, मोडलेल्या बरगड्यांच्या जागी नव्या सीडरच्या, आणि खुशाल पाण्यात उतरा. अशा नावा हजारोंनी निघाल्या आणि त्या वापरण्यासाठीच होत्या. कारागिराकडून पूर्ण दुरुस्ती करून घेतली तर बहुधा नावेच्या बाजारभावापेक्षा खर्च जास्त होतो. गुंतवणूक म्हणून यात उतरू नका. कार्डात स्प्रूसचे काठ लिहिले असतील तर महॉगनीचा सोस कशाला? आणि बाहेरून फायबरग्लास लावायचा सल्ला कोणी दिला तर हात जोडून नकार द्या. कॅनव्हास तीस-चाळीस वर्षांनी बदलता येतो, तशीच त्याची योजना आहे. फायबरग्लास लाकडाला चिकटतो, ओल कोंडतो आणि पुढे फळी बदलणे जिकिरीचे करून ठेवतो. आधीच्या मालकाने तो लावला असेल तर गरम हवेच्या गनने धीराने सोडवता येतो.

रश्टनची लाकडी कनू, लांब डेकची चार्ल्स नदीवरची नाव, गेरिश किंवा सुरुवातीची मॉरिस निघाली तर स्वतः हत्यार उचलण्याआधी म्युझियमच्या संवर्धकाशी बोला. तिथे जुना व्हार्निशही ठेवण्यासारखा असू शकतो. आणि भूर्जसालीची कनू असेल तर ती दुरुस्तच करू नका. तिचा आकार, टोकांचा वळसा, शिवण यांवरून ती कोणत्या लोकांची हे सांगता येते. टॅपन अ‍ॅडनी यांनी आयुष्यभर काढलेली अशा कनूंची रेखाटने हॉवर्ड चॅपेल यांनी संपादित केली आणि १९६४ मध्ये स्मिथसोनियनतर्फे प्रसिद्ध झाली, ती यासाठी पाहा आणि त्या समाजाच्या सांस्कृतिक केंद्राला कळवा. ती वस्तू कुणाच्या तरी आजोबांच्या हातची आहे आणि त्यांची नातवंडे आजही तिथे राहतात.

इतके करूनही नाव कोणाची हे न ठरण्याची शक्यता आहेच. तेव्हा वहीत ‘बहुधा मेन, १९१० ते १९२५, बांधणारा अज्ञात’ असे लिहा आणि कामाला लागा. ओढूनताणून मोठ्या कंपनीचे नाव चिकटवण्यापेक्षा हे बरे. विकताना खोटे नाव पुढच्या मालकाच्या गळ्यात पडते.

कॅनव्हास ताणण्याच्या आदल्या दिवशी मात्र एक काम राहू देऊ नका. एकदा तो चढला की फळ्यांची बाहेरची बाजू पुढची तीसेक वर्षे कोणाला दिसत नाही. तिचे संपूर्ण फोटो काढा. फळ्यांवर कारखान्यातल्या कोणी पेन्सिलीने लिहिलेले आकडे, खुणा असतील तर त्यांचे जवळून घ्या. सगळी मापे, फोटो आणि कार्डाची प्रत यांचा एक संच असोसिएशनकडे पाठवा आणि दुसरा नावेसोबत ठेवा.